मागे ठेवलेली मुलगी

सुताराच्या अंगणात सकाळपासून रंधा चालू होता. आज मात्र सुतार गिऱ्हाइकाचे काम करत नव्हता, स्वतःच्याच घरासाठी पेट्या ठोकत होता. समुद्रापलीकडच्या मुलखात नवी गोदी बांधली जात होती, सुतारांना कुटुंबासकट बोलावणे आले होते आणि महिनाअखेरीस बोट सुटणार होती.

त्याची थोरली लेक भुश्यात बसून खिळे वेचून देत होती. वय तेरा. एका जागी ठरत नसे म्हणून सारी आळी तिला भिंगरी म्हणे.

"बाबा, बोटीत झोपल्यावर माणूस लोळत खाली पडतं का हो?"

"पडलीस तर खाली मनी असेल."

"अगं बाई, मग चेपेलच की ती!" धाकट्या बहिणीच्या विचाराने भिंगरी खिदळली.

सुतार हसला नाही. एकदा तासून झालेल्या फळीवरूनच त्याने पुन्हा रंधा फिरवला. भिंगरी बोटीत चढणार नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांचे आदल्याच दिवशी ठरले होते.

विषय काढला होता त्याच्या आईने. "तिकडं आपल्यातलं घर शोधायला कुठं जाशील? पाण्यावर? पोर वयात आली म्हणजे कुणीतरी परका हात धरून नेईल आणि आपण बसू तोंडात बोट घालून. इथंच उजवून टाक आणि मोकळा हो."

स्थळही म्हातारीनेच आणले होते. बाजारातला दोरखंडवाला. बिजवर, तिशी उलटलेला, पण घर खाऊनपिऊन सुखी आणि मागणी काही नाही.

सुतारीण चुलीपुढून एवढेच म्हणाली, "लहान आहे हो ती."

"मी दहाव्या वर्षी आले या घरात," सासू म्हणाली. "मेले का?"

सुतारीण स्वतः चौदाव्या वर्षी आली होती. तिची पहिली दोन बाळे जन्मताच गेली होती आणि दुसऱ्या खेपेस ती स्वतःही जाता जाता वाचली होती. हे सासूला माहीत होते, नवऱ्यालाही माहीत होते. तिने लाकूड पुढे सारले आणि फुंकर घातली.

लग्न घाईत उरकले. "तेपण आपल्याबरोबर येणार ना बोटीत?" भिंगरीने नवऱ्याविषयी विचारले.

"केस नीट बांध," आई म्हणाली.

निघण्याच्या दिवशी दोरखंडवाला बायकोला घेऊन धक्क्यावर आला. मोठ्या बाईचे कपडे तिच्या अंगावर लोंबत होते. मनीचा हात धरून ती सगळ्यांबरोबर बोटीच्या जिन्यापर्यंत चालत गेली.

"अगं, तू कुठं चाललीस?" नवऱ्याने हाक मारली. "तू इकडं."

भिंगरीने आईकडे पाहिले. सुतारीण गाठोड्याची गाठ तपासत होती. गाठ पक्की होती, तरी तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली. तेवढ्यात मागून रेटा आला आणि सगळे वर चढले.

सुतारणीला रडू आले नाही. बोटीवरच्या बायकांनी तिला धीराची म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने मनीची वेणी घातली आणि फणी हातात धरून तशीच बसून राहिली. दुसरे डोके पुढ्यात येण्याची ती वाट पाहत होती.

नव्या मुलखात त्यांना कामगारांच्या चाळीत खोली मिळाली. सुतार गोदीत लागला, सुतारीण धुलाईखान्यात. वाफेत उभे राहून ओल्या चादरींवर इस्त्री फिरवायची, घडी घालायची, पुढची चादर ओढायची. ते काम तिला मानवले, कारण त्यात विचार करावा लागत नसे. गावाकडून बोट आली की ती धक्क्यावर जाई आणि येणाऱ्यांना लेकीची खुशाली विचारी. "बरं असेल," असे कुणी ना कुणी सांगे.

तिसऱ्या वर्षी एका बोटीतून जुन्या आळीतली सुईण मुलाकडे राहायला आली.

"मावशी! माझी भिंगरी कशी आहे?"

सुईणीने डोक्यावरचे बोचके खाली ठेवले. "तुला कुणी कळवलं नाही?"

"नाही."

"बाळंतपणात गेली गं. वर्ष होत आलं. पोरीची कंबर तरी भरली होती का? बाळाला वाट कुठून मिळणार? मी तुझ्या जावयाला म्हटलं, माझ्या हातचं राहिलं नाही, डॉक्टर आणा. तो म्हणाला, बायकांचं काम बायकांनी करावं." ती थांबली. "शेवटी मला म्हणाली, 'मावशी, आता पुरे. मी घरी जाते.' बाळही राहिलं नाही."

सुतारणीने तिचे बोचके उचलले, तिला मुलाच्या खोलीपर्यंत पोहोचवले आणि दुपारी कामावर जाऊन नेहमीइतक्याच चादरी इस्त्री केल्या. जेवताना तिने घरात सांगितले. सुताराचा घास हातातच राहिला.

"पोरीचं नशीब," सासू म्हणाली.

सुतारीण आपले ताट उचलून मोरीकडे गेली. पुढे कित्येक महिने ती कामापुरतेच बोलत राहिली.

मग एका रविवारी गोदीचा मुकादम घरी आला. सुताराचे काम त्याच्याच हाताखाली चाले. आपल्या धाकट्या भावासाठी त्याने मनीला मागणी घातली. मनीला बारावे सरत होते. म्हातारी हरखली. "बघ, इथंसुद्धा आपल्यातलं घर चालून आलं!"

ज्या भीतीपायी थोरलीला मागे टाकले होते, ती भीतीच पोकळ होती. हे म्हातारीच्या ध्यानातही आले नाही. सुताराच्या आले. त्याने मान खाली घातली.

सुतारीण ओल्या हातांनी बाहेर आली. "मुलगी द्यायची नाही."

"अगं, त्यांना बोलू तरी दे."

"माझी मोठी मुलगी बाळंतपणात मेली," ती मुकादमाला म्हणाली. आवाज चढला नव्हता. कुणाला पत्ता सांगावा तशी ती सांगत होती. "सोळाचीही नव्हती. नशिबानं नाही मेली. आम्ही मारली, तिघांनी. ती माझ्याकडे बघत होती आणि मी गाठोडं बांधत होते. ही शाळेत जाईल. शिकून मोठी होईल, अंगानं भरेल, मग तिलाच विचारू."

"बाई, विचार करून बोला," मुकादम उठत म्हणाला. "उद्या नवऱ्याला कामावर यायचंय."

सुतारीण नवऱ्याकडे वळली. सुताराने आपल्या घट्टे पडलेल्या तळव्यांकडे पाहिले.

"ती म्हणते तेच, मुकादम," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला कारागिरांतून काढून ओझी वाहायला लावले. म्हातारीने सुनेशी बोलणे टाकले. मनी शाळेत जाऊ लागली.

पुढच्या आठवड्यात सुतारीण कामावरून परस्पर मागच्या चाळीत गेली. तिथल्या न्हाव्याच्या मुलीचे लग्न ठरल्याचे तिच्या कानावर आले होते. न्हाव्याच्या बायकोने दार अर्धवट उघडले.

"मला माझ्या थोरल्या मुलीविषयी सांगायचंय," सुतारीण म्हणाली.

"आता? माझा स्वयंपाक व्हायचाय. काय झालं तिला?"

"लग्न झालं. तेराव्या वर्षी."

न्हाव्याच्या बायकोने वळून घरात पाहिले. आत तिची लेक जमिनीवर पालथी पडून पाटीवर मांजर काढत होती.

"आमची बाराची आहे," ती हळूच म्हणाली.

"मग मला आत येऊ द्या," सुतारीण म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."