एरंडाले आमंत्रण

"बापा, माह्या अंगावर मार ते भुकटी, पण ह्या झाडाले हात लावू नको!"

मथुराबाई, माझी जाऊ, विहिरीवरच्या एरंडाले मिठी मारून उभी. समोर पंप घेतलेला लीलाधर साहेब. हा आधी कोण्या संस्थानात नोकरीले व्हता. राजाचं राज्य सरकारात विलीन झालं, अन् साहेब आमच्या तुकईथडच्या वाट्याले आला. किडीवर संशोधन करतो म्हने. त्या साली उंटअळीनं शिवारातले सारे एरंड खाऊन नुसते दांडे ठेवले व्हते. पानं राह्यली ती ह्या एकाच झाडाले, म्हनून साहेबाले अळी मारायची जहरी भुकटी इथंच मारून पाहायची व्हती.

"का नको, बाई? कारण तरी सांगा."

मथुरानं मिठी अजून घट्ट केली. तिचं तोंड कशानं बंद झालं ते एका घरात राहून मले पक्कं मालूम व्हतं. ती काविळीचं औषध देते. आदल्या सांजेले झाडाले कुंकू-तांदूळ वाहून आमंत्रण द्यायचं, सकाळी पानाचा रस दुधातून पाजायचा, असं तीन दिवस. कोण्या झाडाचं पान, ते मात्र कोनाले सांगायचं नाही. सांगितलं का हाताचा गुण गेला. मरतावेळी सासूनं तिले तसं बजावलेलं. अन् आता तिचाच गोटू हळदीवानी पिवळा होऊन खाटेवर पडेल व्हता. दोन दिवस रस पोटात गेला, तिसरा उद्या. तोंड उघडावं त गुण जातो, न उघडावं त पोराच्या पोटात जहर जातं. इकडे आड, तिकडे विहीर!

मलेच राहवलं नाही. "सांगून टाक वं बाई! तुह्या हाताचा गुण गेला त मी पाजीन माह्या हातानं. झाडाचा गुण कुठी जातो?"

मथुरा रडत रडत बोलली. एवढ्या वर्षांचं झाकेल एका दमात उघडं केलं.

साहेबानं पंप खाली ठेवला. "अरे वा! मग हे झाड तर जपायलाच हवं." आमाले वाटलं, जिंकलो. सांजेले मथुरानं बुडाशी कुंकू-तांदूळ वाहिले, हात जोडले.

सकाळी दुधाची वाटी घेऊन गेलो, त झाडाभोवती बारीक जाळी बांधेल व्हती. जाळीच्या तोंडाशी साहेबाचा राखणदार कौतिक.

"वहिनी, पान तोडू नका. सरकारी हुकूम हाय."

"अरे मेल्या, पोरगं पडलंय घरात!" मी वरडली.

"मी काय करू? नोकरी जाईन माही. औषधी पानावर अळी कशी जगते, ते पाहायचं म्हने साहेबाले. रातीच टोपलीभर अळ्या सोडल्या."

जाळीतून पाह्यलं. पानोपानी उंटअळ्या पाठ वर काढून चालल्या व्हत्या, अन् मधलं कोवळं पान निम्मं खाल्लेलं. बुडाशी तांदूळ तसेच पडेल व्हते.

मथुरानं वाटी पदराखाली घेतली.

"आमंत्रण म्या देल्लं, रंभे," ती म्हने, "अन् पंगतीले ह्या बसल्या."