भिंतीपलीकडून काढलेलं चित्र

घर जितकं लहान तितकं गिऱ्हाईक भोळं, हे ताईचं पक्कं मत होतं आणि त्या मतावरच तिचं पोट चालत होतं. चिमुकल्या घरांची सजावट करणाऱ्या एका ऑफिसात ती चित्रं काढायची. म्हणजे जे घर अजून सजलेलंच नाही, ते सजल्यावर कसं दिसेल याचं कॉम्प्युटरवर हुबेहूब फोटोसारखं चित्र. तिचे साहेब छोट्या घरातल्या सुखावर तासभर बोलू शकत. ते स्वतः राहत एवढ्या ऐसपैस घरात, की जेवायला या म्हणायला बायको त्यांना फोन करायची.

या धंद्यातल्या लबाड्या ताईला तोंडपाठ होत्या. सोफा जरा आखूड काढायचा, की खोली आपोआप वाढते. माणूस चित्रात घ्यायचाच नाही, कारण माणूस बसला की त्या सोफ्याचं बिंग फुटतं. बादली, ओला टॉवेल, औषधांची पिशवी यांना सक्त मज्जाव. आणि सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे समोरची भिंतच उडवायची आणि कॅमेरा नेऊन ठेवायचा थेट शेजाऱ्याच्या घरात. तिथून काढलेलं चित्र बघून गिऱ्हाईक गहिवरायचं. आमचं घर एवढं मोठं आहे हे कळलंच नव्हतं हो, असं म्हणायचं. अशा लोकांची ताईला कीव यायची. कीव कसली, चीडच यायची. सगळा जन्म त्या खोलीत काढून त्यांना खोली कळली नव्हती, ती चित्रात कळली.

तिच्या धाकट्या भावालाही आपली खोली तशीच चित्रात बघायची होती. धाकटा आणि त्याची बायको आईजवळ राहत. खोली आईची, तिने नोकरी करून घेतलेली, तिच्याच नावावर. पण चारचौघांत धाकटा तिला 'माझा फ्लॅट' म्हणायचा आणि आई बाजूला बसून ऐकून घ्यायची. त्याने ताईला गळ घातली, की आईला सांगू नकोस, पण खोलीचं एक झकास चित्र करून दे, मग सुताराला बोलावतो. भावाचं काम म्हणून ताई टेप घेऊन गेली. आई लोखंडी कॉटवर बसली होती. टेप खालून जाताना तिने पाय वर घेतले आणि काय मोजतेस, असं विचारलंसुद्धा नाही.

ऑफिसात प्रत्येक घरासाठी एक ठरलेली रीत होती. जुनं सामान एका गठ्ठ्यात टाकायचं, त्या गठ्ठ्याला 'अडगळ' नाव द्यायचं आणि एका क्लिकसरशी तो दिसेनासा करायचा. ताईने तेच केलं. कपाट गेलं, पत्र्याची ट्रंक गेली, आईची कॉटही गेली. कॉटच्या जागी तिने वाचायचा कोपरा केला. आरामखुर्ची, उभा दिवा, हिरवंगार झाड. धाकट्याने शाळा सुटल्यापासून पुस्तक उघडलं नव्हतं, पण कोपऱ्यावर तो बेहद्द खूश झाला. कॉटबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

रविवारी त्याने चित्र टीव्हीवर लावलं. भावजय कौतुकाने बघत राहिली. आईने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि माझी कॉट कुठे आहे, असं विचारलं.

धाकट्याने घसा साफ केला. "ताईनेच काढलीय ती. म्हणजे तू आता तिच्याकडे राहावंस, असं तिच्या मनात असणार. मी कसा नाही म्हणू?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामचुकार, बिलंदर, आयत्या बिळावरचा नागोबा! आईला घराबाहेर काढायचं ते काढायचं, आणि वर तेही बहिणीच्या हातून. त्याला फाडून खायला तिने तोंड उघडलं, तोच तिला आपलं घर आठवलं. तिच्या स्वतःच्या घरातही असाच कोपरा होता. अशीच खुर्ची, असाच दिवा. आई चार दिवस येते म्हणाली असती, तरी तिला कुठे निजवायचं हा प्रश्न होता. ताईने उघडलेलं तोंड मिटून घेतलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

आई मात्र चित्रच बघत होती. "हे कुठे उभं राहून काढलंस? इतकी वर्षं ही खोली झाडतेय मी. कुठेही उभं राहिलं तरी या दोन भिंती एकदम दिसत नाहीत."

ताईने खरं काय ते सांगितलं. मधली भिंत काढली आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून बघितलं.

"म्हणजे घर एवढं मोठं दिसायला घराबाहेर जावं लागतं."

"तेच तर सांगतोय आई," धाकटा हुरूप येऊन म्हणाला. त्याची अक्कल तेवढीच.

"मग तुम्ही दोघं जा तिकडे. हवं तेवढं बघत बसा. मी इथेच आहे," आई म्हणाली. तिने पाय उचलून कॉटवर घेतले, उशी सारखी केली आणि तो टीव्ही बंद कर, डोळ्यांवर उजेड येतो, असं सुनेला सांगितलं. भावजयीने मुकाट्याने बंद केला. सुताराचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

निघताना ताई कॉटपाशी घुटमळली. कॉट मी मुद्दाम नाही काढली गं, सवयीने गेली, असं ती कशीबशी म्हणाली.

आईने तिचा हात हातात घेऊन थोपटला. "माहीत आहे मला. तुझं नवं घर झालं तेव्हा तू त्याचंही चित्र दाखवलं होतंस, आठवतं? फार छान होतं. मी त्यात मला टेकायला जागा शोधत होते. तेव्हाच ठरवलं, काहीही झालं तरी ही खोली सोडायची नाही."