शांत मशीन

"एसी बंद करा. पंखाबी," धम्मदीप खोब्रागडे म्हणाला.

पियुषने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. चंद्रपुरातल्या त्याच्या दुकानामागच्या या खोलीत कॉम्प्युटर जोडले जात. खोलीला खिडकी नव्हती आणि बाहेर भादव्याचे ऊन चटके देत होते.

"भाऊ, घामानं मरून जाऊ ना आपण."

"दोन मिनिटं मरा. मले मशीनचा आवाज ऐकाचा आहे."

संघप्रियाने न सांगता दोन्ही बटणे दाबली. बापाच्या या सवयीत ती लहानाची मोठी झाली होती. मूल गावातल्या त्यांच्या घरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग असले की आधी स्वयंपाकघरातला फ्रिज बंद व्हायचा. एकदा तो चालू करायचा राहिला आणि दही, दूध, आईची औषधे, सगळे नासले. त्या दिवशीचे गाणे मात्र स्वच्छ आले होते, हे धम्मदीप अजून सांगतो.

तो टेबलाकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे करून उभा राहिला. माईक असो की पेटी, वस्तू घेताना तो अशीच पाठ करायचा. "डोळ्याले दिसलं का कान फितूर होते," असे त्याचे म्हणणे होते.

तरुणपणी तो झाडीपट्टीच्या नाटकांत साउंड सांभाळायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी, रात्र रात्र भोंग्यांच्या खाली. पुढे घरातच स्टुडिओ काढला. हंगामाच्या आधी वडसाच्या नाटक कंपन्या गाणी भरायला त्याच्याकडे येऊ लागल्या. मुलगी मोठी झाली, तिने लग्नांचे व्हिडिओ हाती घेतले. ऑडिओ बापाचा, व्हिडिओ लेकीचा, कॉम्प्युटर एकच.

मागच्या महिन्यात नानाजी आला. एका नाटक कंपनीचा मालक, जुना दोस्त. धम्मदीपकडेच भरलेले गाणे मोबाइलवर लावून त्याने त्याच्या नाकासमोर धरले.

"काऊन बे, रुखमाबाई गाऊन राह्यली अन् मागं केटली कोनं ठेवली चुलीवर? सूंऽऽऽ चालू आहे तिची शिट्टी."

धम्मदीपने गाणे तीनदा ऐकले. रुखमाबाई ऐकू आली, पेटी, तबला सगळे आले. केटली आली नाही. पण नानाजी खोटे बोलणारा नव्हता.

"कॉम्प्युटर बुढा झाला," तो म्हणाला. "मागच्या राईस मिलचा कोंडा जाऊन बसला त्याच्या पोटात."

"मंग नवा घे. गाणं पुन्हा भरू. अन् पुन्हा शिट्टी आली ना धम्मदीप, तर आपली दोस्ती आपल्या जागी, गाणे नागपूरले."

म्हणून आजची ही खरेदी. सकाळी एसटीत बापलेकीची खडाजंगी झाली होती. संघप्रियाला ताकदवान मशीन हवे होते. चिमूरच्या एका लग्नाचा व्हिडिओ तयार करता करता जुना कॉम्प्युटर चारदा झोपला होता. धम्मदीपला शांत मशीन हवे होते.

"बाबा, ताकद नसन तर शांत मशीन घेऊन करता काय?"

"ताकद बैलालेही असते. पण माईकजवळ बांधून कोनी गातं का?"

आता पियुषने टेबलावर दोन मशीन मांडली. एक उंच काळा डबा, मोठ्या पात्यांच्या पंख्यांचा. दुसरे आटोपशीर, काचेच्या बाजूचे, नव्या ग्राफिक कार्डाचे. संघप्रियाने चिमूरचे लग्न हार्डडिस्कवर आणले होते. मशीनवर खरा भार टाकल्याशिवाय त्याचा खरा आवाज कळत नाही, हे बापाचेच शिकवणे.

काळ्या डब्यावर लग्न सुरू झाले. क्षणभरात धम्मदीपचा हात वर गेला.

"बंद करा. घुमते. घरात भुंगा शिरल्यावानी. नाई पाहिजे."

संघप्रियाला ती घुमघुम कान देऊन शोधावी लागली. पण आवाजाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्याचा होता.

"मंग हा पाहा," पियुष म्हणाला. "याच्यापेक्षा पावरफुल चंद्रपुरात आज नाई भेटत."

त्याने दुसरे मशीन सुरू केले. पडद्यावर काम किती झाले ते दाखवणारी पट्टी सरकू लागली आणि काचेच्या डब्यातून एक बारीक शिट्टी निघाली, तारेसारखी कडक. संघप्रियाचे दात आंबले. पियुषने नकळत कानात बोट घातले.

धम्मदीप भिंतीकडे तोंड करून उभा होता. मानेवरचा घाम सदऱ्यात उतरत होता.

"करा ना चालू," तो म्हणाला.

पडद्यावरची पट्टी सरकत होती.

"पियुषभाऊ, झोपले का? चालू करा ना."

पियुषने संघप्रियाकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला होता. शिट्टी वाजतच होती.

"बाबा," ती म्हणाली, "चालू आहे."

तो वळला. पट्टी अर्ध्यावर आली होती. काचेमागे पंखे गरगरत होते. मग त्याला पियुषच्या कानातले बोट दिसले. पियुषने ते चटकन काढून घेतले.

"शिट्टी मारते का हा?"

"हो."

"नानाजीच्या गाण्यात होती तशी?"

"तशीच. जुन्या मशीनची होती ते."

"तुले तवाच ऐकू आली होती?"

संघप्रियाने होकारार्थी मान हलवली.

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"मले वाटलं, तुम्ही मंग ते शिट्टी काढून टाकान. तुम्हाले ऐकूच येत नसन, असं माह्या मनातच नाई आलं, बाबा."

त्याने तळहात काचेवर ठेवला. डबा गरम होता आणि आतून थरथरत होता.

"भाऊ," पियुष हळूच म्हणाला, "डॉक्टरले दाखवा. कानाची मशीन येते आजकाल."

"आज एकच मशीन घेतो," धम्मदीप म्हणाला. मग लेकीकडे वळून म्हणाला, "आता तू पाठ कर."

"बाबा, राहू द्या ना."

"पाठ कर म्हनलं ना."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पियुषने दोन्ही मशीन आळीपाळीने चालवली. धम्मदीप मशीनकडे पाहत नव्हता, मुलीच्या खांद्यांकडे पाहत होता. दुसऱ्या मशीनला ते वर चढत, पहिल्याला सैल पडत.

"पहिला," ती न वळता म्हणाली. "घुमते थोडासा, पण डबा स्टुडिओच्या बाहेर ठेवू, भिंतीतून वायर काढू. रॅम दुप्पट टाका. गाण्यांची डिस्क वेगळी, व्हिडिओची वेगळी. अन् समोर जाळी लावून द्या, मागं राईस मिल आहे."

"पण ताई, ताकद दुसऱ्यात जास्त आहे."

"ताकद बैलालेही असते," संघप्रिया म्हणाली.

धम्मदीपने रुमालाने मान पुसली आणि पंखा लावला.

त्याच आठवड्यात त्याने स्टुडिओच्या भिंतीला स्वतः भोक पाडले, वायरी ओढल्या, भोकाच्या फटीत कापूस ठासला. रविवारी नानाजी रुखमाबाईला घेऊन आला.

"केटली उतरवली ना चुलीवरून?" त्याने दारातूनच विचारले.

"उतरवली."

रुखमाबाईने पाणी घेतले, पदर सावरला आणि ती माईकसमोर बसली. स्पीकरसमोर धम्मदीपची खुर्ची रिकामी होती. तिच्या वरच्या खिळ्याला त्याचा हेडफोन लटकत होता. त्याने तो काढला, कानावरच्या गाद्या सदऱ्याने पुसल्या. पट्टी कित्येक वर्षे त्याच्याच डोक्याच्या मापाची होती. त्याने ती दोन्ही बाजूंनी आत ढकलली. खाचा सरकल्याचे त्याच्या बोटांना कळले.

"बस," त्याने संघप्रियाला म्हटले आणि हेडफोन तिच्या हातात दिला.

नानाजीने एकदा त्याच्याकडे, एकदा मुलीकडे पाहिले.

धम्मदीप स्वयंपाकघरात गेला आणि त्याने फ्रिजचे बटण बंद केले. फ्रिजची जाड घरघर त्याला अजून नीट ऐकू यायची. ती पार विरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग स्टुडिओच्या दारातल्या काचेशी येऊन त्याने मुलीला हात वर करून 'कर चालू' अशी खूण केली.