‘ब्रेक’चं शेवटचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत प्रत्येक अर्थाला एक कार्ड आणि कार्डावर उदाहरणाचं एक वाक्य, अशी पद्धत होती. ते वाक्य कुठेतरी खरोखर घडलेलं हवं, मनचं चालणार नाही, असा संपादकसाहेबांचा दंडक होता. चहाच्या वेळी सगळे त्याला साहेबांचं खूळ म्हणत आणि टेबलाशी परतले की मुकाट पाळत.

पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांच्या वाट्याला ‘ब्रेक’ हा इंग्रजी शब्द आला. आपल्याकडे काच फुटते, दोरी तुटते, हाड मोडतं. इंग्रजाला मात्र सगळ्याला हा एकच शब्द पुरतो. मास्तरांनी घर धुंडाळून कार्डं भरली. कप फुटला होता, बुटाची नाडी तुटली होती. हाडाला काही उदाहरण मिळेना. शेवटी वैतागून त्यांनी ठोकून दिलं: ‘मेव्हण्याचा हात मोडला.’ मेव्हण्यावर जुना राग होता, त्यामुळे अक्षरही झकास आलं.

संध्याकाळी घरी आले तर बायको दारातच उभी. भाऊ जिन्यावरून पडला, हात मोडलाय, म्हणाली. मास्तरांना दरदरून घाम फुटला. योगायोग असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि खात्री करायला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी कार्डावर फोडली. दुपारी घरून फोन आला, जिन्यातून पाण्याचे लोट वाहताहेत. तेव्हापासून मास्तर पेन हातात धरायलाही घाबरू लागले.

त्यातच त्यांची मुलगी तापाने फणफणली. औषधं झाली, डॉक्टर बदलले, ताप काही हटेना. नवा डॉक्टर मास्तरांची नजर टाळायला लागला.

ताप उतरतो त्यालाही इंग्रजीत ‘ब्रेक’च म्हणतात. ते कार्ड मास्तरांनी भीतीपोटी कोरं ठेवलं होतं. एका सकाळी मन घट्ट करून त्यांनी लिहिलं: ‘मुलीचा ताप उतरला.’ कार्ड पेटीत टाकलं आणि धापा टाकत घर गाठलं. मुलगी उशीला टेकून बसली होती आणि भूक लागली म्हणून कुरकुरत होती. मास्तरांनी लेकीला पोटाशी धरलं. इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

आता एकच अर्थ उरला. वाईट बातमी जपून सांगणं, यालाही ‘ब्रेक’. हे कार्ड भरायचं नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. बातमी सांगायची तर आधी काहीतरी घडावं लागतं. त्यांनी साहेबांपाशी सगळं ओकलं आणि हा अर्थ गाळा म्हणून अक्षरशः हातापाया पडले. साहेब जरासुद्धा हसले नाहीत, हे त्यांना विचित्र वाटलं.

“अर्थ गाळता येत नाही, मास्तर,” साहेब म्हणाले. “पण तुम्ही नका लिहू. मी लिहितो. माझ्या हातून आजवर खोटं वाक्य गेलेलं नाही.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. साहेब घडलेलंच लिहिणार, मग भीती कसली?

दुसऱ्या दिवशी ते शीळ घालत कचेरीत शिरले. निघताना मुलगी खिडकीतून हात हलवत होती. शेवटचं कार्ड पेटीत होतं, साहेबांच्या टपोऱ्या अक्षरात: ‘साहेबांनी मास्तरांना खुर्चीवर बसवलं आणि बातमी सांगितली.’

मास्तरांनी ते पुन्हा वाचलं. शाई वाळलेली होती. आतल्या खोलीत फोन वाजला, साहेबांनी नुसतं “हो” म्हणून तो खाली ठेवला. मग बाहेर आले. चष्मा काढून खिशात ठेवला आणि मास्तरांची खुर्ची मागे ओढली.

“बसा,” ते हळूच म्हणाले.

मास्तर टेबलाची कड धरून उभेच राहिले. आपण बसेपर्यंत ती घरी खेळतेय, एवढंच त्यांना कळत होतं, आणि पाय थरथरायला लागले होते.