चौथं चाक बसेपर्यंत

तीन मेकॅनिक झाले होते. पहिल्यानं प्लग बदलले, दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप बदलला आणि तिसऱ्यानं, हिच्या म्हातारपणावर औषध न्हाय म्हणून हात झटकले. मग राजवीर आपली सत्तावीस वर्षांची, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घेऊन उद्यमनगरात संघप्रियाच्या गॅरेजात आला. सोबत त्याचे वडील सयाजी होते. गाडी मुळात त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती लेकाच्या हवाली केली होती.

तक्रार सरळ होती. पाय पूर्ण दाबला तरी गाडी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी घाटात रस्ता बंद करून चढाईची शर्यत होती आणि गाडी शनिवारीच संध्याकाळी पाचपर्यंत तपासणीला न्यायची होती. दोन वर्षांत राजवीर चार शर्यतींत उतरला आणि चारही वेळा शेवटून पहिला आला. मित्र त्याच्या गाडीला बैलगाडी म्हणत. यंदाही तेच झालं तर नाद सोडणार, असं त्यानं येतानाच सांगितलं. शेवटचा उपाय म्हणून त्यानं मोठी चाकंही मागवली होती.

संघप्रिया फिजिक्स शिकलेली. वडिलांमागं गॅरेज चालवायला घेतलं तेव्हा हाताला ग्रीस लागलं, पण आकडा लिहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही प्रयोगशाळेतली खोड गेली नाही. तिनं राजवीरला समजावलं की मोठं चाक म्हणजे लांब टांग; ताकद तेवढीच राहिली तर चढाला गाडी आणखी जड होईल, म्हणून आधी मूळ दुखणं शोधू. त्यानं मान डोलावली, पण चाकं घालायचीच म्हणाला.

इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडते ते सांगणाऱ्या सेन्सरला तिनं मीटर लावला आणि त्याला पेडल तळाला दाबायला सांगितलं. आकडा तीन पूर्णांक एक व्होल्टवर थांबला. मग तिनं बॉनेटखाली हात घालून तीच झडप बोटांनी पूर्ण उघडली. चार पूर्णांक चार. तिनं दोन्ही आकडे खडूनं फरशीवर लिहिले. इंजिन निरोगी होतं. हवा पूर्ण जातच नव्हती. पाय आणि केबल यांच्यामध्येच कुठंतरी अडत होतं, आणि तिथं तिघांपैकी कुणी पाहिलं नव्हतं.

राजवीर टेंपो घेऊन चाकं आणायला गेला. संघप्रियानं गाडीत वाकून पेडलखालचं कार्पेट उचललं.

खाली अर्ध्या इंचाचा सागवानी ठोकळा होता, काळा रंगवलेला, दोन स्क्रूंनी बसवलेला. पेडल त्याच्यावर टेकत होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. आतले कोपरे गोल केलेले, कडांना अगदी किंचित उतार. पेडल अडवायला ह्या नजाकतीची काही गरज नव्हती. असा उतार देतो तो पॅटर्नमेकर, ओतकामासाठी लाकडी साचे करणारा. लाकडाचा साचा रेतीतून निघताना रेती ढासळू नये म्हणून. ती सवय हातात मुरली की पाट करतानासुद्धा सुटत नाही.

सयाजींनी शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं पॅटर्न केले होते. ते खुर्चीवर चहाचा कप धरून बसले होते. चहावर साय धरली होती.

“पोरी,” ते हळू म्हणाले, “ह्ये त्येला दावू नगंस.”

“काका, मी त्याला खोटं सांगणार नाही.”

“उद्याचा दिवस जाऊ दे फकस्त.”

तिनं कार्पेट पुन्हा अंथरलं. उद्या तो हरणार, नाद सोडणार, आणि हा ठोकळा कायमचा झाकलेला राहणार. काकांचा हिशेब तिला कळला. ती म्हणाली, “चौथं चाक बसेपर्यंत थांबते. तोवर तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन.”

टेंपो आला. गाडी चारी बाजूंनी स्टँडवर चढली.

मागचं उजवं चाक बसलं. राजवीर खुशीत होता. नट हातात देताना तो उद्या कुणाकुणाची तोंडं पाहण्यासारखी होतील ते सांगत होता. मागचं डावं बसलं. सयाजी उठून माठाकडं गेले, पाणी प्यायले आणि तिथंच उभे राहिले. पुढचं उजवं बसताना ते जवळ आले.

“राजू…”

राजवीरनं वर पाहिलं.

“नट नीट आवळ,” सयाजी म्हणाले.

पुढच्या डाव्या चाकाला संघप्रियानं मुद्दाम वेळ लावला. पाच नट होते. एकाआड एक आवळत गेली. पान्याचा आवाज तिलाच मोठा वाटू लागला. चार झाले. तिनं पाचवा उचलला.

“त्यो ऱ्हाऊ दे जरा,” सयाजी म्हणाले. मग गाडीला हात टेकून त्यांनी लेकाकडं न बघता सांगितलं. “पेडलखाली ठोकळा हाय. मी बसवलाय.”

राजवीर आधी हसला. मग त्यानं संघप्रियाकडं पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. त्यानं स्वतः कार्पेट फाडल्यासारखं उचललं, स्क्रू काढले आणि ठोकळा हातात घेऊन उभा राहिला.

“दोन वर्सं,” तो म्हणाला. “मला वाटलं माझ्यातच दम न्हाय, आबा.”

“सा म्हैन्यांसाठी ठेवलता. तुझा हात बसंस्तोवर. मग तू परत्येक बारीला हरून, धडधाकट घरी यायचास. मला त्येची सवय लागली.”

ठोकळा त्यानं टपावर आपटून ठेवला. “उतरवा गाडी, ताई. मी चाललो.”

त्याचा आवाज तिला आवडला नाही. ह्या रागात, पूर्ण उघड्या पेडलनं, न तपासलेल्या चाकांवर तो पाच मिनिटांत हायवेला लागला असता. तिनं पाचवा नट आवळला, गाडी जमिनीवर घेतली, पण किल्ली दिली नाही. चाक अधांतरी असताना ब्रेकचा रबरी पाइप दोन बोटं लांब दिसतो, ती म्हणाली. वजन पडल्यावर काय होतं ते बघू. तिनं पुढच्या दोन्ही पाइपांना खडूची पूड चोळली.

“दोघं आत बसा. मला वजन पाहिजे.”

बाप-लेक शेजारी शेजारी बसले. ती कोपरा दाबून गाडी हलवत राहिली आणि राजवीर स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिला. सगळं झाल्यावर तिनं त्याला खाली बोलावलं आणि चाकामागं टॉर्च धरला. डाव्या पाइपवरची पांढरी पूड अंगठाभर पुसली गेली होती. तिथं टायर घासत होता.

“वळणं किती?” तिनं विचारलं.

“अठरा.” तो उकिडवा बसून तेवढंच पाहत राहिला. “कितव्याला तुटंल?”

“ते मला मोजता येत नाही. कदाचित उद्या तुटणारही नाही. ठरव तू.”

सयाजींनी गाडीच्या दारातून डोकं बाहेर काढलं. तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचा हक्क आपण घालवलाय हे त्यांना कळलं असावं. घड्याळात सव्वातीन झाले होते.

“जुनी चाकं घाला,” राजवीर शेवटी म्हणाला. “पण पेडल पूर्ण पाहिजे.”

चाकं बदलून झाली तेव्हा चार वाजत होते. संघप्रियानं मीटर परत जोडला. राजवीर पेडलपाशी बसला नाही. तो मीटरपाशी आला.

“आबा, तुमी बसा गाडीत. दाबा.”

सयाजी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. त्यांनी पाय ठेवला आणि दाबला. आकडा तीनवर आला आणि थांबला. आता खाली काही नव्हतं. पायच थांबला होता.

“आजून,” राजवीर म्हणाला.

तीन पूर्णांक पाच.

“आजून, आबा.”

सयाजींनी डोळे मिटले आणि पेडल तळाला टेकवलं. संघप्रियानं चार पूर्णांक चार हा आकडा मोठ्यानं वाचला आणि फरशीवर, आधीच्या दोन्हींच्या खाली लिहिला.