एक दाबा

नौमान नोकरी सोडून गेला आणि त्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमची कंपनी म्हणजे राजारामपुरीतल्या दोन खोल्या. वर्षाराणी मॅडम मालकीण, नौमान विकणार, मी प्रोग्राम लिहिणार. मॅडम म्हणाल्या, "ऋतुराज, महिनाभर तूच फीर. तुझ्या कोडलाही बरं होईल."

"कोडला काय धाड भरलीय?" मी म्हणालो.

खरं म्हणजे मला माणसांत जायचंच नव्हतं. आई गेल्यापासून घरात माझा एकट्याचा आवाज, तोही प्रोग्राम अडला की शिव्या घालण्यापुरता. सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं की दिवसाचं बोलणं संपलं. सवय झालीय असं मी सगळ्यांना सांगायचो, पण विचारायचं तरी कोण?

आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी. दर सोमवारी सकाळी सभासदांना आपोआप फोन जातो. "नमस्कार. उद्या गावात जनावरांचे डॉक्टर येणार आहेत. तुमचं जनावर आजारी असेल तर एक दाबा." मग दहा सेकंद थांबायचं, "धन्यवाद" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. एक दाबणाऱ्यांची यादी डेअरीकडे जाते, डॉक्टर तेवढ्याच घरी जातो. आवाज माझाच. चाचणीपुरता रेकॉर्ड केलेला, बदलायचा राहूनच गेला. नौमान सारखा कटकट करायचा, "भावा, लोकं दाबत न्हाईत रे, बोलत्यात." मी म्हणायचो, "मग शिकव की! एक दाबायला काय डिग्री लागते?"

पहिलीच खेप शाहूवाडीकडच्या डेअरीची. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. करार संपत आलेला आणि सेक्रेटरी सयाजीराव सही करेनात. ही डेअरी सुटली तर हे कामच बंद, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे माझी दोन वर्षं पाण्यात.

"पावणं, यादीत दोन न्हाईतर तीन नावं येत्यात," सयाजीराव खेकसले. "डॉक्टर परत गेला की बाया माझ्या नावानं बोंब मारत्यात. काय करायचा ह्यो फोन?"

मीही तापलो. "अहो, फोन चांगलाच आहे. थांबा, ऐकवतो." मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. दूध घालायला आलेल्या बायका किटल्या घेऊन गोळा झाल्या. तेवढ्यात मागनं एक म्हातारी ओरडली, "अगं बया! ह्योच की त्यो!"

तिच्या हातात किटली नव्हती. तिनं पुढं येऊन माझा हातच धरला. "सोमवारचा तू न्हवं? मी तानाबाई."

खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी. मला नुसत्या आवाजावरून ओळखणारं एक माणूस जगात होतं.

"च्या प्यायला चल," ती म्हणाली. सही राहिली बाजूला, मी गेलो तिच्या मागनं.

एक खोली आणि शेजारी झाडून लख्ख केलेला गोठा. तिनं कोरा चहा पुढं ठेवला. मी आपला गमतीत म्हणालो, "काय आजी, डेअरीच्या सभासद आणि कोरा चहा?"

"म्हस मेली न्हवं का माझी. मी सांगितलं की तुला."

"मला?"

"तूच इचारलास, जनावर आजारी हाय का. म्हटलं, व्हय रं बाबा, दोन दिस झालं वैरणीला तोंड लावंना, डॉक्टरला लावून दे. तू धन्यवाद म्हणालास. मला वाटलं, कळलं ह्याला." तिनं कप पुसला. "मग दारात बसून ऱ्हायले. डॉक्टर वरच्या आळीतनंच परत गेला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली. नौमान दोन वर्षं घसा कोरडा करत होता आणि मी खुर्चीत बसून हसत होतो.

"आजी, चुकलं माझं. तुमचं बोलणं मला ऐकूच येत नव्हतं. ते मशीन होतं."

"आसंल," ती म्हणाली. तिला ते पटलं नसावं.

"तुमचं नाव काढून टाकतो. आता फोन येणार नाही."

"नगं रं!" ती एकदम म्हणाली. "पोरं पुण्याला, म्हस न्हाय. डेअरीत नुस्ती बसायला जाते. सोमवारी तेवढं कोण तरी इचारतंय. फकस्त लौकर ठेवू नगंस."

डेअरीत परत येऊन मी सयाजीरावांना म्हणालो, "सही करू नका. हा फोन ऐकतच नाही. नीट करून आणतो, तोवर सोमवारचे फोन मी स्वतः करतो."

"एकशे बारा सभासद हाईत. खुळा हैस का काय?"

सोमवारी सातला बसलो. एकशे अकरा फोन करता करता आवाज बसला. एकोणीस जनावरं आजारी निघाली. ती यादी सयाजीरावांना पाठवली आणि मग तानाबाईला लावला.

"नमस्कार. उद्या गावात..."

तिनं वाक्य पुरं होऊच दिलं नाही. गुडघा सांगितला, शेजारणीचं भांडण सांगितलं, कोंबडी खुडूक बसलीय ते सांगितलं. मी ऐकत होतो. दहा सेकंद कधीच होऊन गेले होते.

"झालं माझं," ती म्हणाली. "आता धन्यवाद म्हण आन् ठेव."

तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"आजी," मी म्हणालो, "मी अजून चहा घेतला नाही. तुम्ही घेतला?"

"घेतला की. कोराच."

फोन कुणीच ठेवला नाही.