आधी वरचा बोल्ट

"झालं का निघून सगळं?" दारातल्या खुर्चीवरून बायकोने विचारलं.

"निघतंय. म्हातारं माणूस बोलायला लागलं की थांबत नाही, तसं चाललंय."

"मग तुमच्यावरच गेलंय ते."

मिस्त्री ट्रॅक्टरखालूनच हसले. बागकामाच्या त्या जुन्या, बुटक्या ट्रॅक्टरच्या मागच्या गिअरबॉक्समधलं तेल टबात पडत होतं, दुधाच्या चहासारखं. म्हणजे आत पाणी शिरलेलं. म्हणूनच काल चढावर तो नुसता कण्हत राहिला आणि मागच्या ट्रॉलीत बसलेल्या तिला वाटेतूनच परत यावं लागलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बागेच्या टोकाला, तिच्या लिंबोणीपर्यंत जायला तेवढंच एक वाहन होतं. लिंबोणी फुलली होती. घरात नुसता वास यायचा.

धार आटली. मिस्त्रींनी खालचा बोल्ट पुसून घट्ट बसवला आणि नवं तेल भरायच्या वरच्या बोल्टला पाना लावला. गंजाने धरलेला तो बोल्ट हलेना. अंगातलं सगळं बळ लावलं, तर त्याचे कोपरेच झिजून गुळगुळीत झाले.

मिस्त्री मटकन खाली बसले.

उभ्या हयातीत गॅरेजात हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच मंत्र दिला होता : आधी भरायची वाट मोकळी करा, मग रिकामं करा. वरचा बोल्ट निघाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. चुकणाऱ्याची भर गॅरेजात खरडपट्टी काढली होती. आणि आज तो मंत्र त्यांना आठवलाच नव्हता. परवा चहात दोनदा साखर पडली, ते हसण्यावारी नेलं. हे जाईना.

"काय झालं हो?"

"काही नाही. पाना बसत नाहीये नीट."

ती बघत राहिली. तो मंत्र तिने जेवताना ऐकला होता, त्यांच्या झोपेतल्या बडबडीतसुद्धा ऐकला होता.

"मीच बोलण्यात गुंतवलं तुम्हाला. माझ्या जिभेला हाड नाही."

"उगीच पांघरूण घालू नकोस."

"बरं, नाही घालत. पण तेल मोजायची काडी काढता, ते भोक पण गंजलंय का?"

मिस्त्रींनी मान वर केली. भोक बोटाएवढंही नव्हतं. पण वाट होती.

त्यांनी तिला आधार देऊन ट्रॉलीत बसवलं. भोकात बारीक नळी घातली, नळीवर नरसाळं. नरसाळं तिने धरलं.

"असं थेंब-थेंब भरायला संध्याकाळ होईल."

"देवाचं नाव घेत ओता. कोणाला घाई आहे?"

"देव येणार आहे का नरसाळं धरायला?"

"त्याला सवड नव्हती. मला पाठवलंय."

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. आज लिंबोणी राहिलीच, उद्या. बऱ्याच वेळाने मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी राहील माझ्या लक्षात."

"लक्षात मी ठेवते. तुम्ही पाना धरा."

त्यांनी तेलाचा डबा आणखी थोडा कलता केला. तेलाची धार सुतासारखी उतरत होती. तिचा हात अवघडून गेला होता. पण नरसाळं तिने हलू दिलं नाही.